एका दिवसात चार डोंगर, आणि चौथ्याला नावच नाही

मागच्या अंकात मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारबद्दल लिहिलं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये एका दिवसात केलेले चार डोंगर, रायन, लॉस्ट हॉर्स, इन्स्पिरेशन, आणि चौथा तो ज्याच्यावर नकाशात नुसता उंचीचा आकडा आहे. लेख दोन पानांचाच होता पण पत्रं आणि मेल बरीच आली, काही कौतुकाची, काही सरळ संशयाची. त्यातले हे काही प्रश्न.

मी मूळचा ठाण्याचा, आता सॅन डिएगोत असतो. कळसूबाई चार वेळा झालंय. तुमचं ते रायन माउंटन 5,457 फूट आहे म्हणे, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच! असे चार एका दिवसात? थोडं फेकताय का?

नाही हो, फेकत नाहीये. कळसूबाई 1,646 मीटर म्हणजे 5,400 फूट, त्यामुळे रायन पन्नास-साठ फुटांनी उंच आहे हे बरोबर. पण गाडी कुठे लावतो ते बघा ना! रायनचं पार्किंगच साधारण 4,400 फुटांवर आहे, वाट नीट बांधलेली आहे, जाऊन येऊन 3 मैल आणि चढ जेमतेम हजार-पन्नास फूट. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढलेल्या माणसाला ते नाश्त्याआधी होतं. आम्ही पावणेसातला निघालो आणि साडेआठला गाडीपाशी बसून थर्मासमधला चहा पीत होतो.

असे डोंगर एकाला एक जोडताना माथ्याची उंची विसरायची आणि मधल्या खिंडी मोजायच्या. अलंग-मदन-कुलंग करणाऱ्याला कोणी विचारत नाही की मदन किती मीटर, विचारतात ते हे की मध्ये किती उतरावं लागतं आणि परत किती चढावं लागतं. इथले लोक यालाच प्रॉमिनन्स म्हणतात, म्हणजे एखादा माथा शेजारच्या उंच डोंगराकडे जाणाऱ्या खिंडीपासून किती वर आलाय ते. बऱ्याच याद्यांमध्ये 300 फुटांचा नियम असतो, तेवढा वर आला तर शिखर, नाहीतर नुसता उंचवटा. आता इन्स्पिरेशनचंच घ्या. कीज व्ह्यू नावाची जागा आहे, 5,185 फुटांवर, तिथे थेट गाडी जाते, समोर सगळी कोचेला व्हॅली आणि सॅन अँड्रियास फॉल्ट, हवा स्वच्छ असली तर लांबवर सॉल्टन सीचं पाणीही चमकतं, पर्यटक फोटो काढून निघून जातात. तिथून पायवाट एका टेकाडावर जाते आणि माणसाला वाटतं झालं. खरा माथा त्याच्या मागे असतो. मग खाली उतरा, परत चढा, आणि येताना तीच खिंड पुन्हा चढा. नकाशात बोटाएवढं अंतर, पण दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा चढ तोच, कारण तो आपण परत निघालोय असं मनाने ठरवल्यावर येतो.

चारही डोंगरांचा मिळून आमचा चढ सव्वातीन हजार फुटांच्या आसपास झाला. ही काही पराक्रमाची गोष्ट नाही. वेळेचं गणित मात्र आधी करा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने 1892 मध्ये एक साधा हिशोब दिला होता, सपाटीला तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा. वाट असेल तिथे तो आजही बऱ्यापैकी चालतो. वाट नसेल तिथे, म्हणजे दगड, वाळू, काटे, परत दगड, तिथे मी स्वतःसाठी तासाला दीड किलोमीटर धरते आणि तेही कधीकधी होत नाही. डिसेंबरात इथे दिवस दहाएक तासांचाच असतो, पावणेपाचच्या आत सूर्य गडप. मी फेब्रुवारी उगाच निवडला नव्हता.

या डोंगरांच्या याद्या करतं कोण? आणि ज्या डोंगराला नाव नाही तो करायचा कशाला? (पुण्याहून एक वाचक)

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून विचारते, तुमच्या ग्रुपमध्ये किल्ले मोजणारा एकही नाहीये का? "माझे दोनशे सत्तर झाले" असं जेवताना मध्येच सांगणारा? तसलेच लोक इथेही आहेत. सिएरा क्लब या इथल्या निसर्गप्रेमी डोंगरभटक्यांच्या संस्थेच्या लॉस एंजेलिसच्या शाखेत 1941 मध्ये चेस्टर व्हर्स्टीग नावाच्या माणसाने वाळवंटी शिखरांसाठी वेगळा गट काढला, डेझर्ट पीक्स सेक्शन. त्यांच्या यादीत नव्वदच्या वर शिखरं आहेत, कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना, आणि पार मेक्सिकोत बाहापर्यंत. त्याच क्लबचा दुसरा गट दक्षिण कॅलिफोर्नियातली 5,000 फुटांवरची शिखरं मोजतो, रायन, लॉस्ट हॉर्स आणि इन्स्पिरेशन त्यात आहेत. याद्या नसत्या तर इन्स्पिरेशनच्या मागच्या माथ्यावर वर्षाला दहा माणसंही गेली नसती असं मला वाटतं.

नाव नसलेला कशाला, याचं उत्तर मी नाशिकची आहे एवढंच देऊ शकते. सातमाळा रांगेत धोडपला गर्दी असते, मग आपण रवळ्या-जवळ्याला जातो, तिथेही लोक यायला लागले की अजून आडबाजूला कुठेतरी कांचना. इथे मला तशी सवय लागली. लॉस्ट हॉर्सच्या वाटेवर सोन्याची जुनी खाण आहे, 1894 ते 1931 मध्ये तिच्यातून 10,000 औंसाच्या वर सोनं निघालं, दगड कुटायची गिरणी अजून उभी आहे, लोक ती बघायला येतात आणि तिथूनच परत फिरतात. त्याच्या पुढे थोडं चढलं की डोंगराचा खरा माथा, आणि तिथे आम्ही दोघंच, मी आणि नवरा. गिरणीपाशी तीस माणसं होती.

माझा मुलगा फीनिक्सला असतो. दर शनिवारी कुठल्यातरी ओसाड डोंगरावर जातो, कधी तीन कधी चार. फोन लागत नाही. विचारलं तर "आई, चिल" म्हणतो. मी काय करू? (सांगलीहून, एक आई)

काकू, माझी आईसुद्धा हेच विचारते आणि मीसुद्धा थोड्याफार फरकाने हेच उत्तर देते, त्यामुळे आधी त्याच्या वतीने सॉरी.

फोन लागत नाही हे तो खोटं सांगत नाहीये, तिकडे वस्तीपासून जरा आत गेलं की रेंज खरंच नसते. म्हणून घरातून निघायच्या आधी तुम्ही त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या, कुठला डोंगर, गाडी कुठे लावणार, आणि किती वाजेपर्यंत मेसेज करणार. वेळ त्याने ठरवायची पण ठरवली की पाळायची. फीनिक्स आपल्यापेक्षा बरोबर साडेबारा तास मागे आहे, आणि ॲरिझोनात इतर अमेरिकेसारखं घड्याळ पुढे-मागे करत नाहीत म्हणून हिशोब वर्षभर तोच. त्याने शनिवारी संध्याकाळी सहा म्हटलं की तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेसहा. तोपर्यंत तुम्ही झोपा. सव्वासहाला उठून फोनकडे बघत बसायचं नाही, ते काही उपयोगाचं नसतं.

आणि एक महत्त्वाचं. भारतातून 911, म्हणजे अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर, लावलं तर ते अमेरिकेला लागत नाही. तिकडे डोंगरात हरवलेल्या माणसाला शोधायचं काम साधारणपणे त्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शेरीफकडे (पोलीस प्रमुखाकडे) असतं, तर ज्या काउंटीत तो जाणार तिथला शेरीफचा थेट नंबर आणि फीनिक्समधल्या त्याच्या एका मित्राचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. आधी मित्राला फोन, मग शेरीफला. त्याच्याकडे आयफोन 14 किंवा पुढचा असेल तर रेंज नसताना सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय त्यात आहे, पण तिचा नुसता डेमो आधी घरच्या अंगणात एकदा करून बघायला सांगा, मोकळं आकाश लागतं, दरीच्या तळाशी उशीर लागतो.

एका गोष्टीवर मात्र भांडा त्याच्याशी, उन्हाळ्यावर. मे ते सप्टेंबर जायचंच नाही. फीनिक्स शहरातसुद्धा उष्णतेचा इशारा असला की काही टेकड्यांच्या वाटा दिवसा बंद ठेवतात, इतके लोक तिथे उचलून आणावे लागतात. चार शिखरांचा नाद नोव्हेंबर ते मार्चपुरता ठेव म्हणावं, बाकी चिल.

लेखात तुम्ही एका ओळीत म्हटलंय "चौथ्याने आमची जिरवली". जिरवली म्हणजे काय झालं नक्की? (डोंबिवली)

ते मी मुद्दाम एका ओळीत उरकलं होतं, पण आता विचारलंच आहे तर सांगते.

चौथा डोंगर अगदी साधा. रस्त्यापासून सहाशे फूट चढ, वाट नाही, झाडी नाही, माथा गाडीतूनच दिसतो. पाय बरे होते, तीन वाजले होते, साडेपाचपर्यंत उजेड. नवरा म्हणाला मी गाडीतच बसतो, तू ये जाऊन. (हा माणूस तिसऱ्या डोंगरानंतर नेहमी शहाणा होतो.) मी एका सोंडेवरून सरळ वर गेले, चाळीस मिनिटांत माथा. इथला दगड मॉन्झोग्रॅनाइट, खरखरीत, बुटाला सॅन्डपेपरसारखा धरतो, आपल्या पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या कातळाची सवय असलेल्या माणसाला तर चैनच. वर दहा मिनिटं बसले, चिक्की खाल्ली.

उतरताना चुकलं. चढताना सगळ्या सोंडा वर जाऊन एकाच ठिकाणी मिळतात, कुठूनही चढा, माथ्यावर पोचताच. उतरताना त्याच सोंडा पंख्यासारख्या फाकतात, वरती दहा पावलं डावीकडे गेलात तर खाली अर्धा मैल भलतीकडे. हे मला माहीत होतं, अगदी लोकांना सांगत फिरते मी. तरी मला बाजूला एक मस्त वॉश दिसली, वॉश म्हणजे कोरडा, वाळूचा ओढा, आणि वाटलं सोंडेवरच्या दगडांपेक्षा वाळूतून धावत जाऊ, ओढा शेवटी रस्त्याकडेच जाणार ना.

पहिली दहा मिनिटं खरंच धावले. मग वाळू संपून गुळगुळीत दगडाची घळ सुरू झाली, दोन्हीकडे भिंती. मग एक पायरी, सहाएक फुटांची. बसून, घसरून उतरता आली असती. मी खाली बसले, पाय सोडले, आणि तिथे काय झालं कोणास ठाऊक, सहज वळून बघितलं की ही मला परत चढता येईल का. दगड पाण्याने घासून काचेसारखा झालेला, हाताला काही नाही. सॅन्डपेपर वगैरे सगळं ओढ्याबाहेर, बरं का. मग पाय वर घेतले आणि पोटावर पडून पुढे वाकून बघितलं तर पायरीच्या पुढे पंधरा पावलांवर ओढा संपत होता, म्हणजे जमीनच संपत होती. खाली पंचवीस-तीस फूट सरळ. पाऊस पडला असता तर छान धबधबा दिसला असता. सहा फुटांची ती पायरी उतरले असते तर खाली जाता आलं नसतं आणि वरही नाही, आणि फोनला रेंज शून्य, आणि नवऱ्याला मी कुठल्या बाजूने उतरतेय हे माहीत नाही.

नकाशात हे का नव्हतं? होतंच कुठे जागा दाखवायला! अमेरिकेच्या सरकारी नकाशांवर त्या भागात उंचीच्या रेषा दर 40 फुटांनी असतात, तीस फुटांचा कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात झोपतो. ॲपमध्येही तेच नकाशे वापरलेत. सह्याद्रीत नाळेने उतरताना निदान कोणीतरी दगडावर बाण रंगवून ठेवलेला असतो, नाहीतर एखादा गुराखी वरून ओरडतो "ओ ताई, तिकडून नाही." इथे ओरडायला कोण आहे?

परत वर चढायला चाळीस मिनिटं लागली, धावत उतरलेली सगळी वाळू आता एक पाऊल पुढे अर्धं मागे. सोंडेवर आले तेव्हा सूर्य टेकला होता. खाली नवऱ्याने गाडीचे इंडिकेटर चालू ठेवले होते, त्या लुकलुकणाऱ्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत हेडलॅम्प लावून उतरले. गाडीत बसल्यावर त्याने एवढंच विचारलं, "खूप वेळ बसलीस वर?" मी म्हटलं हो.

तेव्हापासूनचा माझा नियम: जे परत चढता येणार नाही ते उतरायचं नाही, आणि दिवसाचा शेवटचा डोंगर ज्या सोंडेने चढलो त्याच सोंडेने खाली, दुसरीकडे कितीही सोपं दिसलं तरी. पहिल्या तीन डोंगरांवर वाट होती किंवा डोकं ताजं होतं. चौथ्याच्या वेळी पाय ठीक असतात, डोकं दमलेलं असतं, आणि ते दमलंय हे आपल्याला कळत नाही.

काटे, साप, विंचू? (बेळगाव)

साप थंडीत फारसा दिसत नाही, दगडांच्या फटीत न बघता हात घालू नका म्हणजे झालं. खरा शत्रू चोया. हे निवडुंग लांबून इतकं गोंडस दिसतं, अंगावर सोनेरी लव असलेलं, टेडी बेअर म्हणतात त्याला. ती लव म्हणजे शेकडो काटे, प्रत्येकाला डोळ्याला न दिसणारे उलटे आकडे, आणि नुसता स्पर्श झाला तरी पूर्ण गोळा तुटून अंगाला चिकटतो. हाताने काढायला गेलात की तो हाताला चिकटतो, मग दुसऱ्या हाताने... कळलं ना. खिशात साधा दहा रुपयांचा प्लास्टिकचा कंगवा ठेवा. कंगव्याचे दात गोळ्याखाली सरकवायचे आणि झटक्यात लांब उडवायचा, समोर नवरा उभा नाही ना एवढं बघून. उरलेल्या काट्यांना चिमटा. दुसरी ती कॅटक्लॉ नावाची बाभूळ, बोरीसारखे वाकडे काटे, ओढ्यांच्या काठाने असते, शर्ट फाडते आणि सोडत नाही.

आणि वाळवंटी कासव दिसलं तर उचलून फोटो काढू नका हो. घाबरलं की ते साठवलेलं पाणी लघवीवाटे टाकून देतं, आणि ते पाणी त्याचं कित्येक महिन्यांचं असतं.

पाणी किती आणि खायला काय?

पार्कवाले माणशी दिवसाला किमान एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर सांगतात, चालणार असाल तर दोन गॅलन. पार्कच्या आत पाणी जवळजवळ कुठेच नाही, पेट्रोल नाही, वडापाव तर नाहीच. पण सगळं पाणी पाठीवर घ्यायचं नसतं, हीच तर गाडीपाशी परत येत राहणाऱ्या दिवसाची मजा, प्रत्येक डोंगराला दोन-अडीच लिटर आणि बाकी डिकीत. नुसतं पाणी ढोसू नका, इलेक्ट्रॉल टाका, दिवसभर घाम आणि साधं पाणी एवढंच चाललं तर अंगातलं मीठ उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. खायला दशमी, शेंगदाण्याची चटणी, चिक्की. चॉकलेट बार फेब्रुवारीतसुद्धा पातळ होतात. भडंग नेऊ नका, वाऱ्यात उडतं, मी नेलं होतं.

त्या डोंगरावर डबा होता म्हणालात, वहीचा. त्यात काय लिहितात? (न्यू जर्सीहून, वय वर्षं 11)

छान प्रश्न! आडबाजूच्या माथ्यांवर दगडांच्या ढिगात कधीकधी एकात एक बसणारे दोन पत्र्याचे डबे किंवा काचेची बरणी असते, आत प्लास्टिकच्या पिशवीत छोटी वही. ज्याने माथा गाठला तो नाव, तारीख आणि वाटलं तर एखादी ओळ लिहितो. त्या चौथ्या डोंगरावरच्या वहीत गेल्या वर्षभरात फक्त तीन नोंदी होत्या. एकाने लिहिलं होतं "वारा". बस, एवढंच. एकाने बुटाचं चित्र काढलं होतं, तळ निघालेला. मी खाली देवनागरीत नाव लिहिलं, "मु. पो. नाशिक" लिहिलं आणि "गणपती बाप्पा मोरया", आता पुढचा माणूस ती कुठली लिपी असेल याचा विचार करत बसेल.

तू कधी गेलास तर लिहून झाल्यावर डबा घट्ट बंद कर आणि त्याच्यावर दगड ठेव. आणि पेन नको नेऊस, थंडीत अडकतं, पेन्सिल ने. त्या डब्यातल्या पेन्सिलीचं टोक मीच मोडलंय.